सहामाही

अकरा झाले. चार जिंकले, सात गेले.
खडकी बाजारात रात्री साडेदहाला
दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं असतं,
चहा शेवटच्या आधणाचा,
तेव्हा आम्ही निकाल लावायला बसतो.

संघाचं नाव भीमथडी. छातीवर घोडा.
जिंकले की आम्ही म्हणतो घोडे,
हरले की तट्टं.
आज तट्टं.
बालेवाडीहून परतताना औंधच्या सिग्नलला
स्कूटरवर मागे बसलेली झरीन एवढंच म्हणाली:
अठ्ठावीस फ्री थ्रो, आत तेरा.
पुढे खडकीपर्यंत दोघंही गप्प.

वही माझ्याकडे असते.
दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं मी मापं तपासली.
गेजमधून गेला तर पास,
अडकला तर लाल खडू.
‘जवळजवळ’ असा रकाना तिथे नव्हता,
इथेही मी आखलेला नाही.
आणि वहीत मी खोडत नाही. एकदा लिहिलं की लिहिलं.

पीटर अल्हाट म्हणतो, कोच बदला.
हे तो पहिल्या सामन्याच्या आधीपासून म्हणतोय.
मुदलियार सर म्हणतात, हात कसले बघता, पाय बघा,
तिसऱ्या क्वार्टरला सगळ्यांचे पाय सिमेंटचे होतात,
आणि टेबलाखाली स्वतःच्या गुडघ्याला बाम चोळतात.
ओजसकडे सगळं फोनमध्ये आहे, टक्के, दशांश चिन्हानंतर दोन घरं.
‘काका, रिबाउंडमध्ये आपण सातवे.’
किती संघांत?
‘आठ.’

मग एकेकाची पाळी.
कॅप्टन: पास, पण ढकलपास.
तो परदेशी गार्ड: बॉल देतच नाही,
जणू आजोळहून आणलाय.
आणि तो राखीव सेंटर, होनमाने?
पीटर हसला. सांगोल्याचा तो विजेचा खांब?
दिवा कधी लागायचा त्याचा?
मी पान उलटलं, वाचलं:
अकरा सामन्यांत एकेचाळीस मिनिटं.
नऊ गुण. चौदा फाउल.
लाल खडू, मी म्हणालो.

तेवढ्यात शटरखालून
आधी एक बूट आला, मग गुडघा,
मग घडी उलगडावी तसा वरवर येत गेला
सहा फूट नऊ इंच माणूस.
ट्यूबलाइटला डोकं लागू नये म्हणून मान तिरकी.
‘बनमस्का आहे का?’

कप बशीवर ठेवण्याचा आवाजसुद्धा कोणी केला नाही.
ओजसने फोन उलटा घातला.
मुदलियार सरांनी बामची डबी बंद केली, पुन्हा उघडली.
तो उभ्यानेच खात होता,
कारण त्याच्या मापाचं बाकडं त्या दुकानात नाही.
खाता खाता म्हणाला,
‘तेरा आहेत.’
काय तेरा?
‘फाउल. चौथ्या सामन्यातला तो माझा नव्हता.
हात कॅप्टनचा होता. शिट्टी माझ्यावर वाजली.’
तक्रार नव्हती आवाजात.
मेंढरं मोजताना एखादं चुकलं,
तर सांगावं, तसं सांगितलं.

मी म्हणालो, मी वहीत खोडत नाही.
‘नका खोडू,’ तो म्हणाला,
पैसे ठेवले, वाकला,
आणि शटरखालून आला तसा तुकड्यातुकड्याने गेला.
बूट सगळ्यात शेवटी.

बराच वेळ कोणी कोचला काढलं नाही.
झरीनने माझ्याकडे बघितलं,
मी चष्मा पुसला.
चौथ्या सामन्याच्या पानावर
चौदाव्या फाउलच्या शेजारी, समासात,
बारीक अक्षरात लिहिलं:
खेळाडूचं म्हणणं, हात दुसऱ्याचा.
खाली तारीख. सही.
कारखान्यात असं कधी केलं नव्हतं.
गोळा परत येऊन सांगत नाही.

अकरा उरलेत.
वहीची पानं सातच.
पीटर म्हणाला, नवी घे.
नवी कशाला, मी म्हणालो,
पुरवणी जोडू.