दाताभोवती

आवातिउच्या धक्क्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये
तेपाएरू गाठी तोलते.
पाच हजार मीटर खालून आलेल्या,
चुलीत विसरलेल्या बटाट्यांसारख्या.

एक करवतीखाली धरली.
कांद्यासारखे पापुद्रे,
आणि मधोमध शार्कचा दात.
धार अजून बोटाला लागते.

कुणाला चावला असेल, कोण जाणे.
बाकीचा मासा विरला, एवढं उरलं,
आणि पाण्यातलं लोखंड, मँगनीज
त्याला बिलगत गेलं:
दहा लाख वर्षांत तांदळाच्या जाडीइतकं.

बादलीतला गाळ तपकिरी, लोण्याहून मऊ.
त्यात ऑस्ट्रेलियाची धूळ, कुठल्या ज्वालामुखीची राख,
आणि लोहचुंबक फिरवला की चिकटतात
ते आकाशातून पडलेले चार-दोन कण.

तिचा मामा न्गारिमा ट्यूना धरायला गेला.
होडी तेवढी सापडली.
सोळा वर्षं झाली.
सोळा वर्षांत तळाशी किती साचतं?
ती मनाशी भागाकार करते.
केसाएवढंही नाही.

म्हणजे अजून काहीच झाकलं गेलेलं नाही.

वहीत लिहिते: नमुना एक्केचाळीस, एकशे तीस ग्रॅम.
संध्याकाळी नळाखाली हात धरते,
आणि नखांतला गाळ
तसाच राहू देते.