तीन मजले, एक लाइन

मे महिन्यातली दुपार. तांडापेठेत कुत्रीसुद्धा
टाकीखालच्या ओलीत जाऊन पडलेली,
आणि मोरेश्वरदादा जिन्यातून वर ओरडतो,
"नेट चालून नाही राहिलं वं!"
वरून गजू खाली ओरडतो, तेच वाक्य, तेच "वं".
दोघंही मलाच सांगतात.
मी मधल्या मजल्यावर राहते.

कंपनीचा डबा खाली, दादाच्या फ्रिजवर.
गजूनं हट्टानं आपला वेगळा आणला सीताबर्डीहून,
चार अँटेनांचा, चोवीसशेचा,
आणि खोक्यातून काढून तसाच जोडला.
दोघांनाही कारखान्यानं पत्ता एकच दिलेला:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक.
दोघंही म्हणतात, या घराचं दार मीच.
दोघंही येईल त्या फोनला नंबर वाटत सुटतात,
आणि वर उत्कर्षच्या लॅपटॉपला,
खाली दादाच्या टीव्हीला
एकच नंबर मिळतो. मग दोन्ही ठप्प.

बावीस वर्षं मी टेलिफोनच्या ऑफिसात
तक्रारी लिहून घेतल्या.
माणूस म्हणतो लाइन खराब आहे,
तेव्हा निम्म्या वेळी लाइन ठणठणीत असते.

कूलरच्या बाजूनं, खिडकीच्या फटीतून
तीस मीटर वायर ओढली.
स्लॅबमधलं भोक आयतंच मिळालं,
मागाच्या खोलीतल्या बल्बसाठी बाबांनी पाडलेलं.
टोक सोललं. आठ तारा, दोन-दोनच्या पिळात:
पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी,
पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी.
ताणाही असाच लावतात. क्रम चुकला
तर तेव्हा कोणी बोलत नाही, कापड नंतर सांगतं.

पहिल्यांदा चुकलाच. हिरवी निळीच्या जागी.
प्लग कापून टाकला, आठ रुपये गेले.

मग गजूचा डबा मांडीवर घेतला.
पत्त्यातला शेवटचा एक पुसून दोन केला.
नंबर वाटायचं काम बंद: एक टिचकी.
वायर निळ्या भोकात नाही, पिवळ्या भोकात.
गजू बघत होता.
"म्हणजे याचं डोकंच काढून टाकलं काय वं तुनं?"
"डोकं नाही, पाटीलकी."
"अन् खालचा?"
"खालचा वाटेल. तुझा पोचवेल."
"म्हणजे हा चपराशी."
मी म्हटलं, "अँटेना तुझ्या चार आहेत, त्याच्या दोन."
त्यावर तो जरा गप्प झाला.

नावावरून आणखी एक तास.
दादाला स्वतःचं पूर्ण नाव हवं,
गजूला काहीतरी इंग्रजी, सिंहाचं.
पण नाव दोन्हीकडे एकच लागतं, पासवर्डही,
नाहीतर जिना चढणाऱ्याचा फोन
खालच्याच डब्याला लोंबकळत राहतो.
शेवटी न विचारता टाकलं: निमजे.
पासवर्डात सूत आणायच्या पुस्तकावरचा
बाबांचा सोसायटीतला मेंबर नंबर,
चार आकडे, दोनदा, कारण कमीत कमी आठ लागतात.
जिन्यात उभं राहून दोन्हीकडे ओरडले,
"बाबांचा नंबर, दोनदा!"

कोणता, असं कोणीच विचारलं नाही.
वरून गजू: "आलं."
बऱ्याच वेळानं खालून: "हो. आलं."

संध्याकाळी चंद्रपूरच्या पोरीशी फोनवर बोलत
दादा हवेसाठी गच्चीकडे निघाला.
माझ्या दारावरून वर नववी पायरी,
तिथं खालचा सुटतो आणि वरचा धरतो,
मधे चित्र क्षणभर गोठतं.
तो थांबला. समोर गजूचं दार, आत कूलरचा आवाज.
मग चित्र हललं, आणि तोही.

सगळं लागलंय आता.
फक्त दादाचा टीव्ही अजून जुनाच नंबर धरून बसलाय.
बंद करून चालू केला की सोडेल,
नाहीतर आपोआप, मुदत संपली की: चोवीस तास.
रिमोट माझ्या हाताशीच होता.
मी तसाच राहू दिला.