कारणाच्या रकान्यात

पहाटेची मतलई पडत आलेली,
खारा वारा अजून उठायचा आहे,
एवढ्या मधल्या तासातच जाळरेषा घ्यायची.
वडिलांनी शिकवलेलं.
गडग्याच्या कडेने आठ हात गवत,
हातात ऐनाचा टाळा, कमरेला कोयती
आणि डोळा धुरावर.
धूर उभा आहे तोवर काम आपलं.

त्या दिवशी मुलीचा फोन आला, चिपळुणाहून.
नातवाला पहिला दात आलाय म्हणाली.
मी कातळावर टेकलो.
कुठला, वरचा की खालचा,
असं काहीतरी विचारत होतो
आणि धूर वाकला.

वाऱ्याने आग उचलून गडग्यापलीकडे ठेवली,
जसं आपण पोर उचलून
वहाळाच्या पलीकडे ठेवतो.
मग ती आपली आपण चालू लागली, चढणीला.

सुलोचना पाष्टे हंडा घेऊन वर येत होती.
हंडाभर पाणी. डोंगर केवढा.
टाळे मारून मारून बाबल घडश्याच्या भुवया गेल्या.
वाडीत त्या दिवशी माणसं अठरा,
साठीच्या आतली पाच.
काजूच्या बिया तडतडून तेल उडत होतं, कातडी सोलत होतं,
आणि बोंडं भाजल्याचा गोड वास सुटला सगळीकडे.
माझ्या तोंडाला पाणी सुटलं.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

रात्री मतलई फिरली,
आगीला तिच्याच राखेवर ढकलत आणलं.
तिथे खायला काही नव्हतं.
आम्ही विझवली, असं वाडी म्हणते.

तलाठी आला. काजू एकशे चाळीस,
हापूसची कलमं बावीस, गवताच्या उडव्या तीन.
सगळं पाष्ट्यांचं.
"कारण?"
सुलोचनाने माझ्या कोयतीकडे पाहिलं,
मग तिच्या त्या काळ्या खुंटांकडे.
"वारा," म्हणाली.
त्याने 'अज्ञात' लिहिलं.
खाली पंच म्हणून पहिली सही माझी.

ती अजून वाटेत भेटते.
पाणी आलं का नळाला, विचारते.
आलं, म्हणतो.

नातवाला आता चार दात आहेत.
फोनवर त्याला हसवतात माझ्यासाठी.
तो हसला की
मी सड्याकडे बघतो.