रात्रशाळा, दहावी ब

बाकं तिसरीच्या पोरांच्या मापाची.
गुडघे बाहेर काढून तिरके बसतात सगळे,
माझगावच्या या म्युनिसिपाल्टीच्या शाळेत,
साडेसात ते साडेनऊ.
फळ्याच्या कोपऱ्यात सातचा पाढा, भोवती चौकट,
दिवसाच्या बाईंनी वर लिहिलंय : पुसू नये.
उरलेल्या फळ्यावर मी लिहिते :
कथेचे घटक. गुण चार.

‘पात्र,’ म्हटलं मी, तर यल्लप्पा हसला.
डॉकयार्ड रोडच्या खानावळीत भांडी घासतो तो.
म्हणाला, पात्रं रोज शेदोनशे जातात हातातून,
काही लगेच चकचकतात,
काहींचा करप खरवडूनही निघत नाही.
मी म्हटलं, हेच लिही पेपरात.
जवळजवळ हेच.

कथानक सोपं गेलं.
हे झालं मग ते झालं, ही नुसती हकिगत,
‘मग’च्या जागी ‘म्हणून’ घाला
की गोष्ट उभी राहते.
‘पगार झाला नाही, म्हणून’
इथं मी वाक्य सोडून दिलं
आणि अकरा जणांनी ते अकरा तऱ्हांनी पुरं केलं.

संघर्षाचे प्रकार पुस्तकात तीन.
माणूस आणि माणूस. माणूस आणि निसर्ग.
तिसऱ्यावर मी पोचलेच नाही.
चांगुणा तांडेल यांनी पेन खाली ठेवलं होतं.

वय एकोणपन्नास. भाऊच्या धक्क्यावर कोळंबी सोलतात,
बोटांना लिंबू चोळून येतात,
तरी गठ्ठ्यात त्यांची वही न बघता ओळखू येते.
‘बाई, गोष्ट सांगणारा खोटं बोलला तर?’

निवेदक पुढच्या सोमवारी घ्यायचा होता.

‘बोटवाल्यानं पोलिसांना सांगितलं, लाट आली.
तो एकटाच परतला, म्हणून तोच सांगणारा.
इंजिन तीन दिवस बंद पडत होतं,
ते त्याच्या गोष्टीत नाय.
आमच्या ह्यांनी दोनदा नको म्हटलं, तेही नाय.
मंग हा दुसरा प्रकार, का पहिला?’

‘पहिला,’ यल्लप्पा म्हणाला. हात वर न करता.

मी लिहिलं : अविश्वसनीय निवेदक.
त्यांनी एकेक अक्षर उतरवून घेतलं,
श ला व कसा जोडायचा ते विचारलं,
पट्टी मागून घेऊन खाली दोन रेघा मारल्या.
‘म्हणजे याला नाव आहे,’ म्हणाल्या,
‘आन मी बारा वर्षं नुसतीच भांडत होते.’

साडेनऊ झाले.
यादीत एकच उरलं होतं : खुला शेवट.
मी खडू ठेवला, हात झटकले,
म्हटलं, हे राहू दे, परीक्षेत सहसा विचारत नाहीत.

चांगुणाबाई दारात चप्पल शोधत होत्या.
पाठमोऱ्याच बोलल्या,
‘सात वर्षांनी त्याचा कागद देतात, शिक्का मारून.
तो मला येतो, बाई.’