अंक सतरा, पान एकेचाळीस

पत्र आलं तेव्हा मी गरम पाण्यात कोकाची पानं टाकत होते.
जूनमध्ये पुनोत बोटं वळत नाहीत,
विभागात हीटर एकच, आणि तो माशांच्या टाकीसाठी.

"बाई, मी कोनीमाची. मासे विकते.
तुमच्या 'तोतोराल'मधला लेख मुलाच्या फोनवर वाचला,
दोन रात्री लागल्या.
चौथ्या चित्रातला सुचे मासा आमच्या खाडीतला म्हणता,
सातव्यातला चुकुइतोचा.
पण दोन्ही ताटल्यांना टवका एकच,
आणि मिशी एकाची डावी तुटलीय, दुसऱ्याची उजवी.
मासा तोच आहे, बाई.
कुणीतरी त्याला आरशात धरलंय."

खाली नाव : एपिफानिया कुतीपा.
'संस्था' या रकान्यात तिने लिहिलं होतं : तळं.

दोन परीक्षकांनी तपासला होता तो लेख.
एकाने स्वल्पविराम दुरुस्त केले होते.

लेखकांत पहिलं नाव प्रोफेसर आन्सेल्मोंचं.
जाळं कसं झटकायचं ते त्यांनी शिकवलं मला,
आणि मार्चमध्ये त्यांच्या शवपेटीला मी खांदा दिला.
दुसरं नाव माझं.

फोटो त्यांनी काढले होते.
हे मी स्वतःला तीनदा सांगितलं.
चौथ्यांदा सांगताना
शिळा मासा खपवणाऱ्याचा आवाज आला माझ्या तोंडून.

एकदा एक माणूस आला होता, चकचकीत बूट, बॅगेत करार.
नियतकालिक आम्हाला द्या, म्हणाला,
वाचणाऱ्याकडून लेखामागे अडतीस डॉलर,
लिहिणाऱ्याकडून वेगळे.
प्रोफेसर म्हणाले, तळ्याची गोष्ट
तळ्याकाठच्यांनाच विकू?
आणि त्याला उतारावरून बसपर्यंत सोडून आले,
डोक्यावर छत्री धरून, कारण गारा पडत होत्या.

त्या दिवशी सही झाली असती
तर एपिफानियाच्या फोनवर कुलूप दिसलं असतं,
आणि आमचा मासा आरशात सुखाने पोहत राहिला असता.
झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी कपाटात चुकुइतोची बरणी शोधली.
लेबल होतं, त्यांच्याच तिरक्या अक्षरात, तारखेसकट.
आत फॉर्मलिन, अगदी नितळ.
बाकी काही नाही.

योनी म्हणाला, पानच काढून टाकू ना,
कोण बघतंय?
कुतीपा बघतेय, म्हटलं.
पान राहू दे. त्यावर आडवी लाल पट्टी घाल
आणि पट्टीखालची अक्षरं वाचता आली पाहिजेत,
माझं नावसुद्धा.

मग लिहायला बसले :
'हा लेख मागे घेत आहोत.'
मृत माणसाबद्दल कोणतं क्रियापद वापरावं
यावर दुपार गेली.
शेवटी 'आम्ही' लिहिलं. 'आम्ही पडताळून पाहिलं नाही.'
ते खरं होतं, आणि त्यात मी होते.

छापण्याआधी तिला विचारलं, तुमचं नाव घालू का?
उत्तर रात्री आलं :

"घाला. कुतीपा नीट लिहा.
पण बाई, तुम्ही मुद्द्याचं सांगितलंच नाही.
चुकुइतोत सुचे उरलेत की नाहीत?
बहीण दिली आहे तिकडे. ती अजून जाळं टाकते.
त्यासाठीच वाचत होते मी."

बरणी धुऊन उपडी ठेवली आहे.
शनिवारी पहाटे साडेचारची बस आहे चुकुइतोला.
उत्तर अजून लिहिलेलं नाही.