मागची तारीख

पाऊण पोतं मोबाइल आणले सर्जेराव तात्यांनी
किलोच्या भावानं.
तीस वर्षं मदुराईत गलाई केली,
आता विट्यात, साळशिंगे रोडच्या पत्र्याच्या शेडात
बोर्डावरचं सोनं आम्लात उतरवतात.
"पोत्याला दोन ग्रॅम," म्हणतात, "नशीब असलं तर."

माझं काम बॅटऱ्या काढायचं.
फुगलेल्या इकडं, सपाट तिकडं.
त्यात हा निघाला, जाडजूड,
झाकणावर नेलपॉलिशनं लिहिलेलं: स. जा.
सुलभाचं अक्षर.

दस्तगीरच्या दुकानातली बॅटरी लावली.
पडदा पांढरा झाला आणि थांबला,
दम लागल्यासारखा.
मग पहिलंच विचारलं त्यानं: तारीख?

नव्या फोनांना विचारावं लागत नाही,
त्यांना वरून कळतं.
ह्याला आपण सांगायची,
आणि सांगू त्यावर हा विश्वास ठेवतो.

इस्लामपूरच्या होस्टेलवर मी ह्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहिला होता.
वजन, कस, दर. तीनच रकाने.
भरायला गेलो तर म्हणाला,
प्रमाणपत्राची मुदत संपलेली आहे.
दस्तगीर हसला. "तारीख मागं घे की वर्षभर."
घेतली. मुकाट्यानं मान्य केलं त्यानं.
मदुराईच्या गाडीनं फोन पाठवला
आणि तारीख पुढं घ्यायची राहिली ती राहिलीच.
सुलभाच्या लग्नाचा गजर वाजला
तेव्हा ती बाळंतपणाला आलेली.

त्या सिस्टिमचा एक नियम होता.
जे उचलशील ते आधी चळतीवर नोंदव,
काम मधेच मोडलं
तर वरून खाली उपसत सगळं जागच्या जागी परत.
मेमरी एवढीशी,
कण सांडून चालायचं नाही.
तात्यांना तेव्हा मोठ्या कौतुकानं सांगायला गेलो.
"मग आम्ही काय करतो रे?
फरशी झाडतो, केर जाळतो,
हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात धरतो वर्षभर."
एवढं बोलून मुशीकडं वळले.
ते लिहिणारे लोक कुठल्या कुठल्या थंड देशातले,
त्यांना विटा माहीत नसणार.

आता कर्सर लुकलुकतोय.
दिवस, महिना, वर्ष.
तात्या हातमोजे काढून जवळ आले.
मी अंदाजे काहीतरी दाबलं, पुढं सरकलो,
प्रोग्रॅम उघडला.
शेवटचा हिशोब तसाच:
अठरा ग्रॅम चारशे, कस एक्याण्णव,
दर नऊशे चाळीस.

बराच वेळ बघत राहिले.
मागं बादलीत आम्लाची बारीक चुरचुर.

"कुठली तारीख घातलीस?"
"मागचीच."
"राहू दे," म्हणाले,
"त्याला कशाला कळवायचा आजचा दर."

आणि पोत्यात न टाकता
तराजूच्या मागं, उदबत्तीच्या डब्याशेजारी ठेवला.

बॅटरी सहापर्यंत परत द्यायची होती दस्तगीरला.
अजून दिली नाही.