देवकाबाईचा डबा

वणी रोडच्या जिनिंगवर विम्याचे साहेब आले.
आगीची तयारी दाखवा म्हणाले.
मुनीमजींनी दाखवल्या लाल बादल्या:
तिघींत वाळू,
चौथीत मांजर व्यालेली.
टाक्यात पाणी हातभर. मार्च.
मोटर आहे, पण लाइन रात्री दोनला येते.

साहेब लिहीत राहिले.

गंजीच्या सावलीत देवकाबाई नैताम
कापूस चाळवत बसलेली.
"तुम्ही काय करता, बाई?"
तिनं वनस्पती तुपाचा डबा पुढं केला.
"पाहा ना जी."

खिळे. बैलाच्या पत्रीचा तुकडा.
छत्रीची काडी, सायकलचे छर्रे,
गारगोट्या,
आणि कोण्या पोराचं चाक तुटलेलं लोखंडी इंजिन.

"रोलरात गेलं का ठिणगी उडते.
गठाणीत शिरली तं
तीन दिवस दिसत बी नाही.
मंग एकदम दिसते."

साहेबांनी डबा हलवून पाहिला.
जड होता.
या हंगामातला तिसरा, मुनीमजी म्हणाले,
भंगारवाला नेतो.

फॉर्मात तसा रकाना नव्हता.

फाटकाबाहेर अजून सतरा गाड्या.
कोणीतरी बिडी विझवली, की नाही,
ते इथून दिसलं नाही.
देवकाबाईची बोटं पुन्हा कापसात,
अंधारात पाय टाकावा तशी,
थांबत थांबत.